तंत्रज्ञान, डेटा आणि आपण : नाशिक जिल्ह्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा, म्हणजे साठवलेल्या नोंदी आणि आकडे, आणि तंत्रज्ञान माणसांच्या आयुष्यात काय करतात, यावर माझं संशोधन आहे. खालचे प्रश्न त्याबद्दल नाशिक शहरात आणि तालुक्यांत बोलताना कानावर आलेले आहेत. काही कॉलेजच्या मुलांचे, काही निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांचे, काही रेशन दुकानासमोरच्या रांगेतले. ज्या प्रश्नात बरंच दडलंय त्याचं उत्तर लांबलंय, बाकीची दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

तुमचं संशोधन नेमकं कशाचं? संगणकाचं की समाजाचं?

दोन्हींच्या मधल्या जागेचं. शेतात पाऊस पडला ही एक गोष्ट. पर्जन्यमापकात तो किती नोंदला गेला ही दुसरी. त्या नोंदीवरून कोणाला भरपाई मिळाली, कोणाला नाही, ही तिसरी. एका पायरीवरून दुसरीवर जाताना काय गळतं, काय वाढतं आणि कोणाच्या पदरात काय पडतं, याचा हा अभ्यास. पावसाच्या जागी बाजारभाव ठेवा, रेशनकार्ड ठेवा, कुंभातली गर्दी ठेवा, सूत्र तेच राहतं.

त्यासाठी इतक्या विषयांची माणसं कशाला? एक चांगला संगणक अभियंता पुरत नाही का?

द्राक्षाचं पाहा. ऑक्टोबरात गोडी (फळासाठीची) छाटणी झाली, नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात आली आणि रात्रीतून अवकाळी येऊन गेला. सकाळी बागायतदाराला नुकसान डोळ्यांनी दिसतं : गळ, घडांची कूज, मागोमाग डावणी हा बुरशीचा रोग. पण हवामान आधारित फळपीक विम्यात, गारपिटीसारख्या काही बाबी सोडल्या तर, कोणी बागेत येऊन घड मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद बघतात. ठरलेल्या मुदतीत ठरलेली मर्यादा ओलांडली असेल तर पैसे निघतात, नसेल तर नाही.

आता अवकाळीचा स्वभाव असा की ओढ्याच्या अलीकडे झोडपून काढतो आणि पलीकडे रस्तासुद्धा भिजत नाही. केंद्र पलीकडे असलं तर यंत्र बरोबर, नोंद बरोबर, संगणकाची आकडेमोडही बरोबर, आणि शेतकऱ्याच्या खात्यात शून्य.

यातला दोष शोधायला कोणाला बोलवाल? एका केंद्राचा आकडा किती किलोमीटरपर्यंत भरवशाचा, ते हवामानतज्ज्ञ सांगेल. फुलोऱ्यातला दहा मिलिमीटर पाऊस आणि छाटणीआधीचा दहा मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे द्राक्षातला जाणकार सांगेल. मर्यादा थोडी खाली आणली तर हप्ता किती चढेल, हे अर्थशास्त्रज्ञ मांडेल. पॉलिसीच्या मसुद्यात तक्रारीची मुदत कुठे लपली आहे ते वकील दाखवेल. आणि बाग वाट्याने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसताना पैसे गेले कोणाच्या खात्यात, हा प्रश्न समाजशास्त्राचा माणूस विचारेल. यांतला एक जरी गैरहजर राहिला तरी उरलेले चौघे मिळून देखणा, रंगीत आलेखांचा आणि अपुरा अहवाल लिहितात. असे अहवाल मी ढिगाने वाचले आहेत. अभियंता लागतोच, पण त्याच्यापुढे प्रश्न ठेवायलाही कोणीतरी लागतं.

पण अतिवृष्टीला पंचनामा होतो. तिथे तर माणूस येतो ना?

येतो, पण आकडा तिथेही आहेच. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. ६३ भरला तर? कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पाहायचं एवढंच, की रेघेच्या जरा अलीकडे राहिलेल्याला दाद मागायला जागा ठेवली आहे का.

पंचनाम्यात तलाठ्याच्या हातात थोडी मोकळीक असते. तीच वाट ओळखीची आणि चिरीमिरीची, आणि तीच कधीकधी न्यायाची. यंत्र आलं की दोन्ही वाटा एकदमच बुजतात. ‘भ्रष्टाचार संपला’ म्हणणारे पहिली वाट पाहतात, ‘माणुसकी संपली’ म्हणणारे दुसरी. कुठल्या गावात कोणती वाट जास्त वापरात होती, हे मोजल्याशिवाय दोघांपैकी कोणाचंही खरं मानू नये.

आकड्यांवर कारभार हे आताचं फॅड आहे का?

छे. १८३६ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पद्धतीने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू झाली. मातीचा पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत लावायची आणि त्यावर सारा बांधायचा. पुढे हीच रीत मुंबई इलाख्यात पसरली. पैसेवारी (पीक किती आलं याचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत की बाहेर, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, तीही डेटाचीच भांडणं.

आकडे गोळा करण्याची शिस्तही इथल्याच मातीतली आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे (१९११–१९९७) यांनी व्ही. जी. पानसे यांच्याबरोबर पीक कापणी प्रयोगांना नमुना निवडीचं शास्त्र दिलं. कोणत्या शेतातला तुकडा कापायचा हे पाटलाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्याच सुमारास अशा पाहण्या केल्या. कोणत्या शेताचा आकडा पूर्ण तालुक्याच्या वतीने बोलणार, हा वाद तेव्हाही होता. आता निर्णय झपाट्याने होतो आणि ज्याने घेतला तो समोर नसतो, एवढाच काय तो फरक.

मोबाइलवर बाजारभाव कळला की शेतकऱ्याला चांगला भाव मिळतो, हे तर सिद्ध झालंय ना?

हा प्रश्न लासलगावच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि उत्तर ‘कधी हो, कधी नाही’ असं आहे. सुदैवाने यावर भारतातच तीन चांगले अभ्यास झाले आहेत, आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला केरळचा. रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल सेवा येत गेली तसा सार्डिन माशांच्या बाजारात काय फरक पडला ते पाहिलं. फोन येण्याआधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागायची आणि जवळच्याच दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून होडी वळवू लागले. फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडली.

दुसरा मध्य प्रदेशातला. एका मोठ्या कंपनीने २००० सालापासून गावोगावी भाव दाखवणारी केंद्रं उघडली, तिथे मंडईतला सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वर गेला असं अपराजिता गोयल यांना आढळलं.

तिसरा आपल्या महाराष्ट्रातला, आणि तोच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. मार्सेल फॅफशॉम्प्स आणि बार्ट मिंटन यांनी १०० गावांत प्रयोग केला. काही शेतकऱ्यांना वर्षभर एसएमएसवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला फुकट पुरवला. पिकांत कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू, सोयाबीन होती. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : शेतकऱ्याला मिळालेल्या सरासरी भावात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

मच्छीमाराला फळली ती माहिती आपल्या शेतकऱ्याला का फळली नाही? माझं वाचन असं. मच्छीमाराकडे माहितीबरोबर होडी होती, ती वळवता येत होती. मध्य प्रदेशात कंपनी भाव सांगून थांबली नाही, स्वतः खरेदीला उतरली, म्हणून व्यापाऱ्याला स्पर्धा झाली. आपल्याकडे एसएमएस आला, बाकी सगळं होतं तसंच राहिलं. पिंपळगावला शंभर रुपये जास्त मिळतायत हे कळलं, पण ट्रॅक्टर तर लासलगावच्या आवारात रांगेत उभा आहे. डिझेल जळून गेलंय, ट्रॉलीत लाल कांदा आहे आणि तो काही चाळीत चार महिने थांबणारा नाही. उन्हाळ कांदा असला तर गोष्ट वेगळी, तो थांबू शकतो. पण मुलाची फी, सोसायटीचं कर्ज आणि मजुरी थांबत नाही. ज्याला थांबता येतं त्यालाच भावाची माहिती कामाला येते.

शिवाय सगळ्यात मोठी उलथापालथ मोबाइलवर दिसते ती होऊन गेल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. त्या पाच महिन्यांत ज्यांनी रोज भाव पाहिले आणि ज्यांनी पाहिले नाहीत, दोघांचाही कांदा त्याच गाळात गेला.

मग ॲपवरचे भाव पाहूच नयेत का?

पाहा, पण तीन आकडे पाहा. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव देते. बातमीत कमाल झळकतो. तो दिवसातल्या एखाद्या निवडक ट्रॉलीला निघालेला असू शकतो. आपला माल सर्वसाधारणच्या आसपास धरावा, गोल्टी (बारीक कांदा) असेल तर किमानच्या. हिशेबपट्टी हातात आली की हमाली, तोलाई, वाराई अशी काही कपात असेल तर ती वजा करून हाती किती पडले ते एका वहीत लिहून ठेवा. दोन हंगामांची अशी वही हे घरबसल्या जमवलेलं उत्तम संशोधन आहे, आणि चार विद्यार्थ्यांनी गावातल्या वीस वह्या एकत्र केल्या तर त्यावर प्रबंध होईल.

ई-पीक पाहणीने तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं, हे खरं का?

अर्धं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो टाकायचा आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा असं ठरलं. त्याआधी पेरा कार्यालयात बसून भरला जायचा ही तक्रार जुनीच होती. ज्वारी असताना ऊस आणि ऊस असताना पडीक, असे उतारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा बदल पटतो.

पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात रेंजसाठी टेकडी चढावी लागते. घरात एकच स्मार्टफोन, तोही मुलासोबत नाशकात. वनपट्ट्यावर नागली-वरई करणाऱ्या कुटुंबाची जमीन अजून कुठल्या नोंदीत कशी बसवायची याचीच ओढाताण चालू असते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात वनहक्काचा मुद्दा पुढे होता तो याचसाठी. परिणाम काय होतो पाहा : बागायती तालुक्यांची नोंद भरगच्च, डोंगरी तालुक्यांची विरळ. उद्या याच नोंदीवरून कोणी नकाशा काढला तर सुरगाण्यात पीकच कमी असं दिसेल, आणि योजना आखणारा माणूस मुंबईत बसून तो नकाशा खरा मानेल.

‘संगणकाने नाव काढलं’ असं कार्यालयात सांगतात. म्हणजे काय?

म्हणजे कोणीतरी दोन याद्या एकमेकींशी जुळवल्या आणि तुमचं नाव जुळलं नाही. एक यादी आधारची, दुसरी बँकेची, तिसरी रेशनकार्डाची. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. माणसाला ही एकच बाई आहे हे क्षणात कळतं, जुळवणीच्या नियमाला ती तीन बायका वाटते. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी सेतू केंद्रांवर लागलेल्या रांगांत अशा बायका भरपूर भेटल्या. शेतमजुरीत झिजलेल्या बोटांचा ठसा न उमटणं हा त्यातलाच दुसरा प्रकार.

‘संगणकाने’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो : नियम कोणी लिहिला, आणि नाव काढायच्या आधी बाईला कळवायची सोय होती का? एकाच प्रकारचं तंत्र दोन राज्यांत कसं वेगळं वागतं, याचा पुरावा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी विभाजनापूर्वीच्या आंध्र प्रदेशात १५७ मंडलांत (मंडल म्हणजे तिथला छोटा तालुका) रोजगार हमी आणि पेन्शनसाठीच्या बायोमेट्रिक कार्डांचा अभ्यास केला. पैसे लवकर मिळाले, गळती घटली. त्याच तिघांनी झारखंडात रेशनसाठीच्या आधार पडताळणीचा अभ्यास केला, तर गळती घटल्याचं दिसलं नाही, उलट ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांच्या वाट्याचं धान्य कमी झालं. आंध्रात ठसा जुळला नाही तर पैसे देण्याची पर्यायी सोय ठेवली होती आणि लाभार्थ्याचा त्रास कमी करण्यावर भर होता. झारखंडात खर्च वाचवण्यावर. बोटांचे ठसे तर दोन्हीकडे घेतले जात होते की हो.

प्रगत देशांत तरी हे नीट चालतं का?

नाही. ऑस्ट्रेलियात सरकारने माणसाचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटलं आणि ‘तुम्ही जास्त भत्ता घेतला’ म्हणून गरिबांना वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न सारखं वाटलेलं नसतं, हे द्राक्षतोडणीच्या कोणत्याही मजुराने सांगितलं असतं. योजना बेकायदा ठरली आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालकांना फसवे ठरवलं गेलं आणि जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत नागरिकत्वाची नोंदही वापरली होती. त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

कुंभमेळ्यात या अभ्यासाचा काय उपयोग?

नाशिकला हा प्रश्न पुस्तकी नाही. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे उतरणाऱ्या बोळांची रुंदी ज्याने पाहिली आहे त्याला ते कसं घडलं असेल हे समजावून सांगावं लागत नाही.

२०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्येच जन्मलेले, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. त्यातून गर्दी मोजायची एक चटई पुढे आली : दाबाची जाणीव असलेली, रस्त्यावर अंथरायची, वरून जाणाऱ्यांची पावलं मोजणारी. कल्पना साधी आणि म्हणूनच छान. पण चटई पावलं मोजते, माणसं नाहीत. एक आजी तीनदा ये-जा करते, कोणी नातवाला खांद्यावर घेतो, कोणी चटईच्या कडेने जातो. पावलांवरून माणसं काढण्याचा नियम बसवायला शहराच्या चालीरीती माहीत असाव्या लागतात.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी आहे. पहिल्या शाही स्नानाला गर्दी अंदाजापेक्षा कमी झाली आणि अतिबंदोबस्तावरून शहरात बरीच ओरड झाली. प्रचंड गर्दीचा अंदाज, म्हणून कडक बंदोबस्त, म्हणून लांबून चालावं लागतं, म्हणून लोक येईनात. अंदाज चुकला म्हणावं की अंदाजानेच गर्दी घटवली? अशा ठिकाणी गणितवाल्याने पोलिसांशी आणि भाविकांशी बोलल्याशिवाय पुढच्या वेळचं गणित मांडू नये. २०२७ चा सिंहस्थ आता दारात आहे.

चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले तर हरवलेली माणसं सापडतील ना?

काही सापडतील. पण हिशेब करा. प्रणाली ९९.९ टक्के अचूक आहे असं धरू आणि एका पर्वणीला तिच्यासमोरून १० लाख चेहरे गेले असं धरू. हजार जणांवर चुकीचं बोट ठेवलं जाईल. त्यांत कोणाला नुसतं विचारून सोडतील, कोणाला चौकीत बसवून ठेवतील. अचूकताही सगळ्यांसाठी सारखी नसते. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांत चूक ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही, सावळ्या-काळ्या स्त्रियांत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आणि गर्दीची घनता मोजायला चेहरा लागतच नाही, डोकी मोजली की पुरतं. हरवलेल्यांसाठी आणलेली यंत्रणा मेळा संपल्यावर कोणाकडे राहणार, हे आधी लिहून घ्यावं असं माझं मत आहे.

एआय माणसापेक्षा निष्पक्ष असतो का?

ते त्याला काय मोजायला सांगितलं यावर आहे. अमेरिकेत रुग्णालयांत वापरली जाणारी एक प्रणाली २०१९ मध्ये तपासली गेली. जास्त आजारी कोण, हे ठरवायला ती आजवर उपचारावर झालेला खर्च पाहत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी झालेला, म्हणून ती त्यांना धडधाकट समजत होती. हीच पट्टी आपल्याकडे लावली तर सिव्हिलपर्यंत पोचूच न शकलेला सुरगाण्याचा माणूस जिल्ह्यात सगळ्यात निरोगी ठरेल.

निर्णय घ्यायला आकडे ताजे असतात का?

शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या आसपास आणि महापालिका हद्दीची १५ लाखांच्या जरा आत होती. पुढची २०२७ मध्ये. मधल्या काळात पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत शहर कसं फुगलं ते सगळ्यांना दिसतं, पण अन्नसुरक्षेचा कोटा अजून २०११ च्याच लोकसंख्येवर चालतो.

माझ्या माहितीवर माझा काही हक्क आहे का?

आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीची सूचना मराठीतून वाचायला मागण्याचा हक्क त्यात आहे, तो जरूर वापरा. सरकारी यंत्रणांना मात्र कायद्यात सैल सवलती आहेत, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही जास्त कडक केलं. लाभार्थ्यांच्या याद्या चव्हाट्यावर लावून गावाने तपासायच्या, ही आपल्याकडची सामाजिक अंकेक्षणाची रीत त्यामुळे अडचणीत येऊ शकते. खासगीपणा आणि पारदर्शकता यांची इथे टक्कर आहे आणि मला त्यातून सोपी वाट दिसत नाही.

सर्वेक्षणवाले दारात येतात. त्यांना काय विचारावं?

कोणासाठी काम करता, फोन नंबर आणि आधार कशाला हवं, माहिती किती दिवस ठेवणार, आणि निष्कर्ष गावाला येऊन सांगणार का. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण घुटमळतात. खऱ्या संशोधनाला आधार क्रमांक क्वचितच लागतो. वरच्या कायद्यातली संशोधनासाठीची सूटसुद्धा तुमच्याबद्दल वैयक्तिक निर्णय घ्यायचा नसेल तेव्हाच मिळते. तेव्हा ‘माहिती द्या, तुमचं नाव योजनेत घालतो’ म्हणणारा संशोधक नव्हे.

हे शिकायचं कुठे? पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का?

मुंबईत आयआयटीचं ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० पासून, बेंगळुरूत सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी २००८ पासून. बाहेर एमआयटीने २०१५ मध्ये डेटा, प्रणाली आणि समाज यांसाठी वेगळी संस्थाच काढली. पण नाशकात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि विषय तर दारातच आहेत. संख्याशास्त्राच्या मुलाने एक हंगाम बाजार समितीत लिलाव पाहावा, समाजशास्त्राच्या मुलीने स्प्रेडशीट आणि थोडी पायथन ही संगणकाची भाषा शिकावी. उलट दिशेने गेलेलं चालत नाही असं नाही, पण लिलाव पाहायला लाज वाटणारी मुलं या कामात टिकत नाहीत.

निर्णय चुकीचा वाटला तर सामान्य माणसाने करायचं काय?

आधी लेखी कारण मागा. मिळालं नाही तर माहितीचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात ‘माझं नाव का काढलं’ असं लिहू नका. ‘का’ची उत्तरं देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नसतं, दप्तरात असलेली कागदपत्रं देणं असतं. म्हणून असं लिहा : माझा अर्ज अपात्र ठरवताना वापरलेल्या निकषांच्या आदेशाची प्रत, माझ्या अर्जावरच्या शेऱ्यांची प्रत, पडताळणी करणाऱ्या संस्थेशी झालेल्या कराराची प्रत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं पदनाम. विम्याचं प्रकरण असेल तर त्या तारखांची आपल्या मंडळातल्या हवामान केंद्राची रोजची नोंद आणि केंद्र कुठे बसवलंय त्याचे अक्षांश-रेखांश मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. अर्जाची पोच जपून ठेवा, आणि गावातल्या आणखी दहा जणांचं तेच गाऱ्हाणं असेल तर दहाही जणांनी वेगवेगळे अर्ज करा.